आमची वाटचाल : बटण दाबलं तरच लागणारा दिवा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं पंधरा बाय तीसचं शेड. सुरुवात शेतीपंपांचे स्टार्टर आणि पॅनेल बोर्ड भरण्यापासून झाली. २०१३ मध्ये ओळखीच्या एका कंत्राटदारानं वीस सोलर ब्लिंकर (उन्हावर चालणारे, रस्त्याकडेचे लुकलुकते दिवे) मागितले आणि रस्त्याच्या धंद्यात पाय पडला. बाजारात मिळतील ते पिवळे एलईडी, मिळेल ती बॅटरी. वर्षभरात वीसपैकी अकरा बंद. सहा बॅटऱ्या चोरीला गेल्या (पेटी पोलच्या बुडाशी ठेवायची अक्कल आमचीच), उरलेल्या पाचांत पावसाचं पाणी.

चालू होते त्यांचं दुखणं निराळंच. एका शाळेसमोरच्या ब्लिंकरखाली संध्याकाळी तासभर उभा राहिलो. ट्रॅक्टर, डंपर, वडापच्या जीपा, एकाचाही पाय ब्रेककडं गेला नाही. जाणार कसा? रस्त्यावर माणूस असो नसो, दिव्याचं आपलं लुकलुकणं चालूच.

मग ठरवलं, पलीकडं जायला कुणी उभं असेल तेव्हाच लागेल असा दिवा करायचा. कल्पना आमची नव्हे. अमेरिकेत पादचाऱ्यानं बटण दाबल्यावर भराभर चमकणारे दिवे २००८ पासून सरकारी मान्यतेनं लागतायत. आम्ही आधी अंगाची ऊब ओळखणारा सेन्सर लावला. थंडीत झकास चालला. एप्रिलच्या दुपारी हवाच अंगाइतकी तापली आणि त्याला माणूस दिसेना. रात्री मात्र कुत्री बरोब्बर दिसायची. शेवटी बटणावर आलो. शाळा सुटली की पोरं दाबत बसायची, दहा दिवसांत दोन बटणं आत गेली. आता स्टीलचं, न हलणारं, नुसता दाब ओळखणारं बटण वापरतो.

दुसरा धडा अंतराचा. ताशी ६० किलोमीटरनं येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. चालकाला दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत अडीच सेकंद धरतात, म्हणजे चाळीसेक मीटर तिथंच संपले. थांबायला एकूण ८० मीटर लागतात, असं रस्तेबांधणीची मानकं सांगतात. झेब्रावरच दिवा लावून काय उपयोग? आम्ही त्याचा जोडीदार शंभर मीटर अलीकडं उभा करतो. दोन्ही पोल रेडिओवर बोलतात, रस्ता खोदायला नको. बॅटरी आता लिथियमची, पोलच्या शेंड्याला.

टायमर आधी १५ सेकंदांचा होता. सात मीटरचा रस्ता सरासरी माणूस सहा सेकंदांत ओलांडतो, त्या हिशेबानं ते भरपूर वाटलेलं. एकदा दुधाची किटली घेतलेल्या आजी भेटल्या. बटणाकडं बोट दाखवून म्हणाल्या, "ह्ये दाबलं की गाड्या थांबत्यात व्हय रं?" म्हटलं, "थांबतीलच असं नाही आजी, बघतील तरी." त्या निघाल्या. दुभाजक नव्हता, किटली हिंदकळत होती, आणि निम्म्याच्या जरा पुढं पोचल्या तोवर दिवा विझला. मीच हात वर करून जीप अडवली. त्या रात्री टायमर २५ वर नेला.

२०२२ मध्ये देशात ३२,८२५ पादचारी रस्ते अपघातांत दगावले. त्यामुळं मागणी आहे, पैसे मात्र वेळेवर नाहीत. एका स्थानिक संस्थेकडं आमचं बिल चौदा महिने अडकलं. झालेल्या कामाची मोजमाप वहीत नोंद झाली, पण सहीवाले साहेब बदलले. तेवढ्यात दोन कारागीर सोडून गेले, त्यातला एक फार चांगला सोल्डरिंग करायचा.

आणखी एक, धंद्याला मारक असलं तरी सांगतो. रुंद, सरळ, सुसाट रस्त्यावर नुसता दिवा विकायला मी तयार नसतो. तिथं आधी झेब्रा उंचावून घ्या, मध्ये थांबायला जागा करा, मग आमच्याकडं या. दोन ऑर्डरी अशा बोलण्यानं गेल्या. एक गिऱ्हाईक मात्र उंचवटा बांधून परत आलं.

सध्या शेडच्या दाराशी आठ जोड्या चाचणीला लावल्यात. येणारा-जाणारा प्रत्येक जण बटण दाबून जातो. चहावाला दोनदा.