‘किती टक्के?’ असं तिथे कुणी विचारलंच नाही

ब्रिटनमधल्या एका विद्यापीठात संख्याशास्त्राच्या एमएस्सीसाठी अर्ज भरताना अपंगत्वाचा रकाना मी कोराच ठेवला. मला दिसत नाही हे कळलं तर नाव कापतील, ही धास्ती. खरं तर तिथे २०१०च्या इक्वॅलिटी अ‍ॅक्टनुसार त्या कारणाने प्रवेश नाकारणं बेकायदा आहे. माझा अतिशहाणपणा मला नडला. ऑफर आल्यावर मी सगळं कळवलं, तेव्हा वर्ग सुरू व्हायला पाचच आठवडे उरले होते.

विद्यापीठाच्या डिसॅबिलिटी सर्व्हिसने पुरावा मागितला. मी यूडीआयडी कार्ड, म्हणजे आपलं सरकारी अपंगत्व ओळखपत्र, आणि शंभर टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र पाठवून मोकळी झाले. दोन दिवसांनी उत्तर आलं: हे पोचलं, पण वाचताना, लिहिताना, परीक्षेत तुमचं नेमकं काय अडतं?

मी चक्रावलेच. आपल्याकडे जन्मभर टक्केच विचारले गेले. ४० टक्क्यांच्या वर की खाली, यावरच सगळं ठरायचं. काय अडतं, हे सांगायची सवयच नव्हती. शेवटी नेत्रतज्ज्ञांकडून नवं पत्र घेतलं आणि त्याचा कच्चा मसुदा मीच करून दिला: छापील मजकूर वाचता येत नाही, संगणकावर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, लागतो, आलेख हाताने चाचपून समजतात.

मधल्या दोन रात्री डिसेबल्ड स्टुडंट्स अलाउन्सची माहिती वाचण्यात गेल्या. तो सरकारी भत्ता परदेशी विद्यार्थ्यांसाठी नसतोच, हे शेवटच्या पानावर कळलं. मात्र वाजवी सोयी करून देणं हे विद्यापीठाचं कायदेशीर कर्तव्य आहे आणि त्यांचा खर्च विद्यार्थ्याच्या माथी मारता येत नाही. हे मी एका ईमेलमध्ये एकदाच, नम्रपणे लिहिलं. पैशांचा विषय पुन्हा निघाला नाही.

खरं घोडं अडलं ते समीकरणांपाशी. नोट्स पीडीएफमध्ये. मी वापरते तो एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे आणि उत्तम आहे, पण त्या पीडीएफमधलं समीकरण वाचताना तो नुसती अक्षरं आणि आकडे ओकायचा. घात कुठे, छेद कुठे, कशाचा कशाला पत्ता नाही. विभागाने नोट्स ‘सुलभ’ करून द्यायला तीन आठवडे मागितले. तोवर अर्धा विषय शिकवून झाला असता. मग सुचलं की या नोट्स लेटेकमध्ये, म्हणजे गणिती मजकूर टाइप करायच्या प्रणालीत, टाइप केलेल्या असणार, आणि लेटेकची मूळ फाईल म्हणजे साधा मजकूर. त्यात अपूर्णांकसुद्धा शब्दात लिहिलेला असतो. सरांना थेट विचारलं. दहा मिनिटांत फाईल आली! ऐकायला कंटाळवाणी, पण प्रत्येक कंस जागच्या जागी. आलेखांसाठी स्वेल पेपर मिळाला. त्यावर छापून उष्णता दिली की काळ्या रेघा फुगून वर येतात.

परीक्षेत लेखनिक घ्यायचा नाही, हे मी ठरवलं होतं. भारतात तासाला २० मिनिटं जादा मिळायची. इथे मला निम्मा वेळ जादा, म्हणजे दोन तासांच्या पेपरला तीन तास. मी हट्टाने रंगीत तालीम मागितली, ते बरं झालं. नक्कल रोखण्यासाठी संगणक ‘बंदिस्त’ करणारं सॉफ्टवेअर चालू झालं आणि एनव्हीडीए मुका झाला. ऐन परीक्षेत हे घडलं असतं तर? शेवटी ठरलं: वेगळी खोली, इंटरनेट बंद, साधी वर्ड फाईल.

पेपरच्या दिवशी पर्यवेक्षक बाई दारातच म्हणाल्या, “हेडफोन आत नेता येणार नाहीत.” मी विभागाचं पत्र पुढे केलं. त्यांनी ते वाचलं, कुणाला तरी फोन लावला, परत आल्या. अकरा मिनिटं गेली. ती मी शेवटी मागून घेतली.