पांदणीतली बग्गी आणि तिसरी क्लच केबल

मागच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी गॅरेजचं शटर वर करतच होतो, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून पोराचा आवाज, "काका, तिसरी गेली." पुढे तो काही बोललाच नाही. नेहमी हा पोरगा फोनवर दहा मिनिटं सोडत नाही, म्हणून मीच विचारलं, "का झालं रे?" तर म्हणाला, "बाबा होते गाडीवर. विहिरीपाशी."

मी हेल्परला दुकान सांभाळायला सांगितलं, हत्यारांची पिशवी मोटारसायकलला अडकवली आणि निघालो.

माझं गॅरेज वरुड-मोर्शी रस्त्यावर एका फाट्यावर आहे. सव्वीस वर्षं झाली. या पट्ट्यात सगळा संत्रा, आणि संत्रा म्हटला की पांदण रस्ते आलेच. उन्हाळ्यात त्यावरून काहीही जातं. पावसाळ्यात ही काळी माती एकदा भिजली की बैलगाडीचं चाक तुंब्यापर्यंत रुततं, मोटारसायकलच्या मडगार्डमध्ये चिखल भरून चाक फिरायचं बंद होतं. आणि नेमकं त्याच वेळी, श्रावण-भादव्यात, आंबिया बहाराची, म्हणजे उन्हाळ्याआधी आलेल्या फुलोऱ्याच्या फळांची, गळ सुरू होते. फवारणी तर करावीच लागते. दोनशे लिटरचा ड्रम, पंप, औषधं, हे सगळं अडीच किलोमीटर आत न्यायचं कसं?

या पोराने त्यावर उत्तर काढलं होतं. आयटीआय केलेला, हातात वेल्डिंग चांगलं. भंगारातून एक मारुती 800 उचलली. 1983 च्या डिसेंबरात ही गाडी रस्त्यावर आली आणि 2014 च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं, पण आमच्याकडे तिचे सुटे भाग आजही मिळतात, म्हणून त्याची निवड मला पटली होती. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, गिअरबॉक्स, दोन्ही अ‍ॅक्सल असा पुढचा सगळा संच त्याने उचलून मागे बसवला. सव्वा इंची पाइपाचा पिंजरा केला, वर ड्रमसाठी जागा. मागे आलेल्या चाकांचे टायरॉड फ्रेमला पक्के जखडले, नाहीतर मागची चाकं आपल्या मर्जीने वळली असती. हे सगळं त्याने एकट्याने केलं. मी पहिल्यांदा पाहायला गेलो तेव्हा मला खरंच भरून आलं. फक्त एक गोष्ट त्याला बजावून सांगितली, ही गाडी डांबरी रस्त्यावर आणायची नाही. नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही, 1988 चा मोटार वाहन कायदा तसा आहे, आणि तो बरोबर आहे. शेत आणि पांदण, एवढंच. त्याने ते पाळलं.

अडचण एकच होती. इंजिन मागे गेलं, पण क्लचचं पेडल पुढेच राहिलं. मूळ केबल पुरेना. आता जवळजवळ अडीच मीटर लांब केबल लागत होती.

पहिल्या वेळी त्याने दोन केबली जोडून एक केली होती. ती निप्पलपाशी, म्हणजे तारेच्या टोकाला असलेल्या धातूच्या गोळीपाशी, तुटली. तुटणारच होती. गिअरबॉक्सवरच्या क्लचच्या लिव्हरच्या खाचेत निप्पल फिरायला पाहिजे. ते घट्ट बसलं की प्रत्येक वेळी पेडल दाबताना तार त्याच एका जागी वाकते आणि एकेक धागा तुटत जातो. मी त्याला समजावलं, अमरावतीहून मापाची सलग केबल करून आणली, निप्पलची खाच कानस मारून मोकळी केली. जुनी केबल मी तिथेच कचऱ्यात टाकली. ती उघडून पाहिली नाही. ही माझी चूक, आणि पुढचं सगळं त्या चुकीमुळेच लांबलं.

दुसरी केबल दोन दिवसांत जाम झाली. तुटली नाही, आत तार सरकेनाच. मी पाहिलं तर ती सायलेन्सरच्या चार बोटं जवळून गेली होती, आणि गिअरबॉक्सपाशी तिला अगदी कोनात वळवलेलं होतं. मला वाटलं, सापडलं. शिवाय हेल्परला पेडल दाबायला लावून मी मागे बसून नीट पाहिलं, तर आऊटर, म्हणजे केबलीची बाहेरची नळी, धरणारी पट्टी दर वेळी वाकत होती. क्लच केबलमध्ये हे फार लोकांच्या ध्यानात येत नाही. आतली तार जेवढ्या जोराने ओढली जाते, तेवढ्याच जोराने बाहेरची नळी दाबली जाते. नळी जिथे टेकते ती पट्टी वाकली की पेडलची निम्मी चाल त्या वाकण्यातच खपते, लिव्हरपर्यंत पोहोचतच नाही. मग गिअर करकरतो आणि लोक क्लच प्लेटला दोष देत बसतात. मी ती पट्टी काढून तिथे अँगल लावला, कोपऱ्यात तिरपा आधार वेल्ड केला. केबलीचा रस्ता बदलला, सायलेन्सरच्या उलट्या बाजूने, वीतभर गोलाईने वळवून. तिसरी केबल बसवली तेव्हा पेडल इतकं हलकं झालं की पोरगा हाताने दाबून दाबून पाहत होता. ती करून आणताना मी एक जास्तीची घेऊन ठेवली होती. आता हिची गरज पडायची नाही, असं तेव्हा मनात आलं होतं.

आणि तीच तिसरी केबल गेली होती.

मी पोचलो तेव्हा बग्गी बागेतच उभी होती. विहिरीला कठडा नाही, इकडे बहुतेक बागांत नसतोच. पुढचं चाक आणि विहिरीची कड यांत जेमतेम तीन हात अंतर असेल. पोराचे वडील झाडाखाली दगडावर बसले होते. सत्तरीच्या आसपासचे. ते मला म्हणाले, "मी क्लच दाबून रायलो, दाबून रायलो, अन् गाडी सुटाले तयार नाई. मंग किल्ली बंद केली. भंगारात घाला हे, मिस्त्री. जीव जाईन एखाद्याचा."

मला काय बोलावं सुचेना. पट्टी मी बदलली होती, केबलीचा रस्ताही मीच ठरवला होता.

पोरगा गप्प उभा होता. मी गाडी आधी चौघांच्या मदतीने मागे ओढून घेतली, चाकांना दगड लावले. मग पिशवीतून पकड काढली आणि केबलीचा गिअरबॉक्सकडचा भाग सोडून आऊटरचं वरचं प्लास्टिक सोललं. आतला नायलॉनचा अस्तर वितळून तारेला चिकटला होता. ते मला अपेक्षितच होतं. पण मी सोलत सोलत पुढे गेलो. सीटखाली, जिथे सायलेन्सर सोडा, गरम होणारं काहीच नाही, तिथेही तेच. पेडलपाशी, पार पुढे, तिथेही तेच. अडीच मीटर केबल या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी भाजली होती.

बाहेरच्या उष्णतेने जळते ती केबल एका जागी जळते. ही आतून जळली होती.

मी पोराला विचारलं, "ही सहा दिवस चालली. या सहा दिवसांत का का झालं, सगळं सांग." तो आठवून सांगू लागला. चिखल, पाऊस, ड्रम नेला, आणला. मग म्हणाला, "चार दिवस बॅटरी उतरली होती काका. उतारावरून धक्का मारून चालू करून रायलो होतो. काल चार्ज करून आणली."

"अन् आज?"

"आज बाबांनी सेल्फ मारला. जड फिरून रायला होता. सात-आठ वेळा मारा लागला."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. धक्का मारला ते चार दिवस केबल ठणठणीत, आणि सेल्फ मारल्याबरोबर जाम. मी खाली वाकून इंजिनच्या आजूबाजूला पाहिलं. अर्थची पट्टी नव्हती.

मूळ गाडीत गिअरबॉक्सपासून बॉडीला एक जाड अर्थ असतो. इंजिन रबरी फाउंडेशनवर बसतं, त्यामुळे त्याचा आणि बॉडीचा विजेच्या दृष्टीने संबंधच नसतो. बॅटरीतून निघालेला करंट जाड वायरीने सेल्फपर्यंत जातो, पण त्याला बॅटरीकडे परत यायलाही तेवढाच जाड रस्ता लागतो. सेल्फ मारताना शंभर अँपियरच्या वर करंट वाहतो. भंगारातून संच काढताना ती पट्टी तिकडेच राहिली होती. बॅटरी पुढे, तिचा मायनस फ्रेमला. इंजिन मागे, रबरावर. गिअरच्या लिंकेजला नायलॉनचे बुश, अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलीला टोकाशी प्लास्टिकची क्लिप. उघड्या लोखंडाने दोन्हीकडे टेकलेली एकच वस्तू उरली होती, क्लच केबल. मी लावलेला जाडजूड अँगल घासून, चमकवून बसवला होता, म्हणजे करंटाला मी वाट आणखी सोपी करून दिली होती.

पण हे मनात जुळणं वेगळं आणि वडिलांना पटणं वेगळं. मी मल्टिमीटर काढला. एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं गिअरबॉक्सच्या केसिंगवर, घासून स्वच्छ केलेल्या बोल्टवर. सोललेली केबल परत जागेवर अडकवली. गाडी न्यूट्रल. "मार सेल्फ."

सेल्फ ऊंऽ ऊंऽ करत कसाबसा फिरला. मीटरवर 4.1 व्होल्ट. इथे अर्ध्या व्होल्टच्या आत यायला पाहिजे. बारा व्होल्टच्या बॅटरीतले चार व्होल्ट नुसते परतीच्या वाटेवर जळत होते. मी बंद कर म्हणेपर्यंत सोललेल्या जागेवरून धुराची बारीक रेघ उठली. जळक्या प्लास्टिकचा वास आला. वडील दगडावरून उठून जवळ आले.

मग मी जंपरची एक वायर गिअरबॉक्सवरून थेट बॅटरीच्या मायनसला लावली. "आता मार." सेल्फ असा फिरला की पोरगा दचकला. एका झटक्यात इंजिन सुरू. इतके दिवस ज्या बॅटरीला आम्ही कमजोर म्हणत होतो, तिच्यात काही दोष नव्हता.

पुढचं काम सरळ होतं. वेल्डिंगच्या जाड केबलीचा तुकडा घेतला, दोन्हीकडे थिंबल दाबून, सोल्डर करून, गिअरबॉक्सच्या बोल्टपासून फ्रेमच्या बाजूने थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत नेला. दुसरा छोटा तुकडा इंजिनपासून फ्रेमला. पोराने फ्रेमला प्राइमर आणि वर दोन हात रंग दिला होता, फार सुंदर दिला होता, पण रंगातून करंट जात नाही. बोल्टच्या जागी पॉलिश पेपर मारून चकचकीत लोखंड काढलं, नट आवळून वर ग्रीस लावलं म्हणजे गंज धरणार नाही. परत मीटर लावला. सेल्फ मारताना 0.2.

जास्तीची केबल पिशवीत होतीच. ती टाकताना पोरगा सवयीने काळं ऑइल घेऊन आला, मी हात धरला. आत नायलॉनचं अस्तर असलेल्या केबलीत ऑइल ओतायचं नसतं, धूळ धरून ती आणखी जड होते. ग्रीस फक्त निप्पलला. लिव्हरपाशी दोन-तीन मिलिमीटर मोकळीक ठेवून चेकनट आवळला. पेडलला बोटभर फ्री प्ले आला. मग मी स्वतः बसलो, पहिल्या गिअरमध्ये टाकून चिखलात घातली, दाबली, सोडली, थांबवली, परत. वीस-पंचवीस वेळा. विहिरीकडे नाही, बांधाकडे तोंड करून.

मी पोराला सगळ्यांसमोर सांगितलं की चूक त्याच्या वेल्डिंगची नव्हती, केबलीच्या रस्त्याचीही नव्हती, पहिलीच केबल मी उघडून पाहायला पाहिजे होती. तो काही बोलला नाही. मान खाली घालून हत्यारं पुसत राहिला.

वडिलांनी मात्र पोराला गाडीवर बसवलं आणि स्वतः मागे येऊन क्लच केबलीवर पंजा ठेवला. "मार सेल्फ." इंजिन सुरू झालं. "बंद कर. मार." असं त्यांनी पाच वेळा केलं. प्रत्येक वेळी हात दाबून ठेवायचे आणि माझ्याकडे पाहायचे. पाचव्यांदा हात काढून म्हणाले, "थंडी हाय जी."

तोवर ऊन कललं होतं. घरी खांदशेकणीची तयारी होती. आम्ही परतलो तेव्हा बैल धुऊन उभे होते. वडिलांनी हळद आणि लोणी पळसाच्या पानाने बैलांच्या खांद्यांना चोळलं, आणि दर वर्षी म्हणतात तसं म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग तोच हळदीचा हात तसाच ठेवून माझ्याकडे वळले. "मिस्त्री, तुमालेही आवतन हाय."

दुसऱ्या दिवशी पुरणपोळी खाऊन निघताना मी गोठ्याच्या मागे गेलो. बग्गी तिथेच उभी होती, पोराने हँडलला झेंडूची माळ बांधली होती. त्याला परत एकदा सेल्फ मारायला लावला, आणि केबलीवर हात ठेवून पाहिला.