गाणं तुम्हीच म्हणता का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हो, मीच म्हणते.

हा प्रश्न मला नेहमीचा आहे. प्रयोग संपतो, मी आरशासमोर गंगावन सोडवायला बसते, तेवढ्यात मेकअपरूमच्या दाराशी पाच-सात माणसं जमतात. कुणी फोटो काढतं, कुणी नमस्कार करतं, आणि मग एखाद्या काकू अगदी जवळ येऊन, घरातली नाजूक गोष्ट विचारावी तशा हळू आवाजात विचारतात, "गाणं तुम्हीच म्हणता, की मागून लावलेलं असतं?"

पूर्वी मला राग यायचा. अहो, समोर ऑर्गन दिसतो, तबला दिसतो, आमचे ऑर्गनवाले काका तीन तास पायाने भाता मारून घामाघूम झालेले दिसतात, मग ते काय शोभेला बसवलेत? आता राग येत नाही. गेलं वर्ष असं गेलं की लोक हे का विचारतात ते मला कळलं.

माझी एक रेघांची वही आहे, तारखांची. मोबाइलवर माझा विश्वास नाही. त्या वहीत गेल्या वर्षी 'सौभद्र' या संगीत नाटकाचे ६१ प्रयोग लिहिलेले आहेत (त्यात मी सुभद्रा), मालिकेच्या शूटिंगचे १८०च्या आसपास दिवस, आणि एका सिनेमाचे १८. त्यातले २३ दिवस असे, की सकाळी सातला घोडबंदर रोडच्या सेटवर हजेरी आणि रात्री साडेआठला कुठल्या तरी नाट्यगृहात तिसरी घंटा. मालिकेच्या ईपीशी, म्हणजे कार्यकारी निर्मात्याशी, 'साडेचारला सोडा' आणि नाटकाच्या सूत्रधारांशी, म्हणजे व्यवस्थापकांशी, 'नांदीला पोचते' हे दोन संवाद मी त्या वर्षात इतक्यांदा म्हटले, की सुभद्रेचे संवाद त्यापुढे काहीच नाहीत.

मालिकेत मी नायिकेची थोरली जाऊ होते. माझा आणि गाण्याचा तिथे संबंध एवढाच, की स्वयंपाकघरात गुणगुणणाऱ्या नायिकेला मी "पुरे झालं ते रेकणं" असं म्हणायचं. हे वाक्य पहिल्यांदा हातात आलं तेव्हा मी हसत सुटले. दिग्दर्शकाला कारण कळेना. त्याला माझ्या नाटकाबद्दल माहीतच नव्हतं. तो बिचारा दिवसभर मला एकच सांगायचा, "ताई, कमी." भुवई कमी, हात कमी, आवाज तर फारच कमी. रंगमंचावर शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसावं म्हणून जे करायचं, ते सगळं कॅमेऱ्यासमोर जास्तच होतं. आणि संध्याकाळी थिएटरवर गेलं की नाटकाचे दिग्दर्शक म्हणायचे, "आज काय पुटपुटतेयस? बाल्कनीने तिकीट काढलंय."

सांगलीचा प्रयोग जानेवारीतला. आदल्या रात्री मालिकेत पावसाचा सीन होता. पाऊस म्हणजे टँकर, आणि टँकरचं पाणी म्हणजे जानेवारीत बर्फच. मी जावेला घराबाहेर काढते, मग स्वतःच पावसात उभी राहून रडते, असं काहीसं. पहाटे तीनला पॅकअप, तिथून थेट गाडीत. सांगलीत उतरले तेव्हा 'चहा' एवढा शब्दही नीट फुटत नव्हता. ज्येष्ठमध, खडीसाखर, लवंग, गरम पाणी, सगळे सांगतात आणि मीही सगळं तोंडात टाकते, पण खरं सांगू, गळ्याला झोपेशिवाय काही लागत नाही. आणि तेवढीच एक गोष्ट त्या वर्षात माझ्याकडे नव्हती.

विष्णुदास भावे नाट्यमंदिर भरलेलं. सांगलीत संगीत नाटक करायचं म्हणजे पोटात गोळा येतो. विष्णुदासांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' हे पहिलं मानलं जाणारं मराठी नाटक केलं ते याच गावात, आणि समोर बसलेल्या निम्म्या लोकांना पदं माझ्यापेक्षा चांगली पाठ. सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरलंय, मन अर्जुनापाशी आहे, घरात कुणी ऐकत नाही, तिथे 'वद जाऊ कुणाला शरण' येतं. नेहमी मी काळी चारमध्ये म्हणते, म्हणजे ऑर्गनच्या चौथ्या काळ्या पट्टीला 'सा' धरून. त्या दिवशी काकांनी मला न विचारताच पांढरी चार धरली, म्हणजे तीन पट्ट्या खाली. मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडले. तरीही अंतऱ्यात वरच्या षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर जाताना गळा फाटला. बेसूर झाला असता तर निभावलं असतं, पण हा चक्क फाटला. आधी खरखर, मग नुसती हवा, मग काहीच नाही.

त्या दोन सेकंदांत काय झालं ते मला अजून दिसतं. काकांनी मान वर केली नाही. त्यांनी माझा षड्ज ऑर्गनवर धरून ठेवला, पाय चालूच. तबलजीने ठेका मोडला नाही, उलट समेवर येताना एक छोटी तिहाई, म्हणजे तीनदा वाजवायचा तुकडा, घेतली, जणू ती जागा तबल्यासाठीच ठेवलेली होती. सखी झालेली मुलगी नवीन होती. तिने काय करावं? तिने माझा हात धरला. नाटकात असं काही नाही. पण ऑर्गन पुढे सरकला, मी एक सप्तक खाली येऊन मुखडा पकडला आणि पद संपवलं.

टाळ्या पडल्या. दिलासा द्यायला पडल्या असतील, माहीत नाही. नंतर पंचाहत्तरीचे एक गृहस्थ आत आले आणि म्हणाले, "आज खात्री पटली बरं का, तुम्ही स्वतः म्हणता." कौतुक होतं की टोमणा, यावर आम्ही परतीच्या बसमध्ये कराडपर्यंत वाद घातला.

आता सिनेमाचं. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर शूटिंग होतं. माझी भूमिका छोटी, पण एक गाणं माझ्यावर. मी अर्थातच धरून चालले की ते मी म्हणणार. संगीत नाटकातली बाई घेतलीय, ती कशासाठी? सेटवर पोचल्यावर कळलं की गाणं महिन्यापूर्वीच एका नावाजलेल्या गायिकेच्या आवाजात रेकॉर्ड झालंय. मी फक्त ओठ हलवायचे. "तुमचा आवाज नाटकाचा आहे, पडद्यावर मोठा वाटेल," असं मला सांगण्यात आलं. मी त्या रात्री हॉटेलवर जेवले नाही. त्यांचं फार चुकलं नव्हतं, हे कबूल करायला मला सहा महिने लागले. माझा आवाज हॉलच्या भिंतीवर जाऊन आपटायला तयार झालाय. स्टुडिओतल्या माइकला कुजबूज लागते, शब्द सुरू व्हायच्या आधीचा श्वास लागतो. ती वेगळीच विद्या आहे, आणि मी ती शिकलेले नाही.

पण गंमत पुढे आहे. स्पीकरवर गाणं लागलं, मी ओठ हलवले. कट. "ताई, खोटं वाटतंय, गळ्याच्या शिरा हलत नाहीयेत." म्हणजे काय करू? "गा ना मोठ्याने. फक्त आम्ही ते वापरणार नाही." मग मी अख्खी दुपार त्या घाटाच्या पायऱ्यांवर बसून, दुसऱ्या बाईच्या पट्टीत, दुसऱ्या बाईच्या हरकतींवर हरकत ठेवून, पूर्ण गळ्याने गायले. पलीकडे धुणं धुणाऱ्या दोघी हात थांबवून ऐकत होत्या. तेवढाच काय तो माझा प्रेक्षक.

संध्याकाळी मी काकांना फोन करून भडाभडा बोलले. ते शांतपणे म्हणाले, "गोविंदराव टेंब्यांच्या वेळी असतीस तर बरं झालं असतं." खरंच आहे. टेंब्यांनी १९११ साली 'मानापमान' नाटकाच्या चाली बांधल्या, आणि १९३२ साली प्रभातच्या 'अयोध्येचा राजा' सिनेमात हरिश्चंद्राचं काम करताना गायलेही तेच. पार्श्वगायन आलंच नव्हतं, वादक कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर बसायचे आणि नट समोर उभा राहून गायचा. ज्याचं तोंड त्याचा गळा. पुढे दोन्ही वेगळं झालं ते झालंच. 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर नव्याने आलं तेव्हा खाँसाहेबांच्या भूमिकेत राहुल देशपांडे आणि सदाशिवच्या भूमिकेत महेश काळे, दोघंही स्वतः गात होते. २०१५च्या सिनेमात चेहरे सचिन पिळगावकर आणि सुबोध भावे यांचे झाले, गळे मात्र तेच राहिले. त्यातल्या गाण्यासाठी महेश काळेंना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. मी काही तक्रार करत नाहीये, सिनेमा मला आवडला होता. फक्त एवढंच, की पडद्यावर असंच असतं हे आता सगळ्यांना माहीत आहे. ते माहीत असलेलाच माणूस आमच्या नाटकाला येऊन बसतो आणि त्याला शंका येते. त्यात काही शोमध्ये आता खरंच ट्रॅक लावून नाचतात-गातात, मग त्या काकूंना तरी मी काय बोलू?

वर्षाचा शेवट धावपळीतच गेला. मालिकेतल्या जावेला जिन्यावरून पाडलं, म्हणजे माझं काम संपलं. हे मला आदल्या दिवशी कळलं. सिनेमा लागला, दोन आठवडे चालला. ५ नोव्हेंबरला, रंगभूमीदिनी, आम्ही विंगेत नटराजाची पूजा केली आणि त्या रात्रीही प्रयोग केला. डिसेंबरात दहा दिवस मला एकही तारीख नव्हती आणि मी ते झोपून काढले. पुढचं 'वद जाऊ' पुन्हा काळी चारमध्ये गेलं.

तो प्रयोग ठाण्याचा. संपल्यावर एक काकू आत आल्या. सोबत सून, सुनेच्या हातात पेढ्यांचा पुडा. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "सिनेमातलं ते घाटावरचं गाणं काय सुंदर म्हटलंत हो! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काय आवाज आहे तुमचा!" मी तोंड उघडणार तेवढ्यात त्या आणखी जवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "आणि हे आजचं मात्र मागून लावलेलं असतं, ना?"

"काकू, नेमकं उलट आहे," मी म्हटलं. त्या हसल्या. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

दाराबाहेर आमचे काका टॉवेलने मान पुसत उभे होते. त्यांनी आत डोकावून विचारलं, "मग मी इतकी वर्षं पाय कशाला मारतोय?"