ढाकोबाच्या माथ्यावर

मी श्रीगोंदा तालुक्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवतो. आमच्या मुलांच्या लेखी कुकडी नदी म्हणजे कालवा. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, कधी सुटणार, टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, पाणी पोचणार का, यावरून बांधावर होणारी भांडणं ती लहानपणापासून ऐकत आलीत. ते पाणी येतं कुठून, हे दाखवायला गेल्या डिसेंबरात नववीची बावीस मुलं घेऊन जुन्नरच्या पश्चिमेला गेलो. दुर्गवाडी गावाहून ढाकोबाच्या डोंगरावर.

अंतर फार नाही, पण धड एक वाटही नाही. रानात जागोजागी ढोरवाटा फुटतात आणि प्रत्येक वाट खरी वाटते. गावातले एक मामा सोबत होते. तरी एका ओढ्यापाशी मी चार मुलांसह भलत्याच वाटेला लागलो. कारवीत शिरलो आणि मागचे आवाज बंद झाले. छातीत धस्स झालं. तेवढ्यात हाक आली, "सर, जागचे हलू नका!" मामा आले, काही न बोलता पुढे झाले. त्यानंतर मी शेवटपर्यंत सगळ्यांच्या मागे चाललो.

शेवटचा चढ वाळक्या गवताचा, निसरडा. माथा चार हजार फुटांहून उंच, आणि पश्चिमेला जमीनच संपते. कडा थेट कोकणात कोसळतो. खाली मुरबाडकडची गावं, डावीकडे सिद्धगड, उजवीकडे जीवधन, पार लांब हरिश्चंद्रगड. मुलांना कड्यापासून चांगलं वीस पावलं मागे बसवलं. पाठीमागे कुकडीवरच्या माणिकडोह धरणाचं पाणी चमकत होतं. म्हटलं, इथे पडलेला पाऊस पश्चिमेला वळला तर अरबी समुद्रात जातो. पूर्वेला वळला तर घोड, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागरात. मधे धरणं, आणि मग आपला कालवा.

एका मुलीचे वडील पाणीपाळीला रात्र रात्र शेतात असतात. ती बराच वेळ माणिकडोहकडे बघत होती. मग मामांना म्हणाली, "मामा, तुमच्या शेतात कालवा येतो?"

"इथं कुठला कालवा, पोरी? उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन झऱ्यावर बसून राहतात."

उतरल्यावर मामींनी सगळ्यांना तांब्या भरभरून पाणी दिलं. हंडा रिकामा झाला. बसमध्ये मुलं मोजली तर तिघी कमी. ती मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी मामींबरोबर झऱ्यावर गेल्या होत्या. ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. हंडा भरून येईपर्यंत पाऊण तास गेला.