२ एप्रिलचं भूत उतरलं, पण पूर्ण नाही

मंडळी, राकेश शर्मांच्या अंतराळ उड्डाणाची काही पुस्तकांत आणि संकेतस्थळांवर छापलेली '२ एप्रिल १९८४' ही तारीख चूक आहे, यावर आपलं आधीच एकमत होतं. वाद होता तो ही चूक आली कुठून याचा. 'टाइम झोनचा घोळ असणार' हा आपल्याकडचा लाडका तर्क मात्र आता कायमचा निकालात निघाला.

शर्मांचं यान सोयुझ टी-११ बायकोनूरच्या तळावरून सुटलं ते ३ एप्रिलला, जागतिक वेळेनुसार दुपारी १ वाजून ८ मिनिटांनी. भारतात तेव्हा संध्याकाळचे ६:३८ झाले होते, मॉस्कोत पाच वाजून गेले होते, न्यूयॉर्कला सकाळ होती. जागतिक वेळेच्या पार बारा तास मागे असलेला पट्टा घेतला, तरी तिथेही ३ तारखेचा रात्रीचा एक वाजून गेलेला. थोडक्यात, त्या क्षणी पृथ्वीच्या पाठीवर कुठेही २ तारीख नव्हतीच!

उलट्या बाजूनेही ताळा घेतला. परतीचं अवतरण ११ एप्रिलला, जागतिक वेळ सकाळी १०:४८. एकूण मुक्काम ७ दिवस २१ तास ४० मिनिटं. वजाबाकी करा, बरोबर ३ तारखेच्या १:०८ वर येऊन थांबता. २ तारीख धरली तर मुक्काम जवळजवळ नऊ दिवसांचा होतो. गंमत म्हणजे वर २ एप्रिल आणि चार ओळी खाली ७ दिवस २१ तास, असं एकाच पानावर सुखाने नांदताना दिसतं. एका प्रकाशकाला हे गणित मांडून पाठवलं, तर उत्तर आलं, 'पुढच्या आवृत्तीत पाहू.' पाहतील बापडे.

जिथे टाइम झोनमुळे खरोखर तारीख बदलते, तिथे मात्र लाल पेन जपून चालवा. आर्मस्ट्राँगचं चंद्रावरचं पाऊल अमेरिकेत २० जुलै १९६९ च्या रात्रीचं, आपल्याकडे २१ जुलैच्या सकाळचं. सुनीता विल्यम्स मार्च २०२५ मध्ये समुद्रात उतरल्या तेव्हा फ्लोरिडात १८ तारखेची संध्याकाळ होती, भारतात १९ ची पहाट. दोन्ही तारखा खऱ्या. म्हणून चुका नोंदवायच्या आपल्या तक्त्यात आता जागतिक वेळेचा स्वतंत्र रकाना टाकलाय. तो रिकामा असेल तर नोंद 'चूक' म्हणून धरायची नाही.

मग २ आलं कुठून? माझा पहिला संशय ओसीआरवर, म्हणजे छापील पानाच्या चित्रावरून अक्षरं ओळखणाऱ्या यंत्रणेवर. जुन्या, शाई फुटलेल्या देवनागरी छपाईत ३ चं मधलं वळण बुजलं की यंत्र बेधडक २ वाचतं. फुकटातली ओसीआर साधनं देवनागरी अंकांच्या बाबतीत अजून भरवशाची नाहीत, हे माझं ठाम मत. आकडे डोळ्यांनीच तपासा. पण हा तर्क इंग्रजी मजकुराला लागू पडत नाही, आणि २ एप्रिल तिथेही सापडतं. तिथे बहुधा '३ एप्रिल' असं लिहिलेलं कात्रण बघून 'बातमी आजची म्हणजे घटना कालची' असा कुणीतरी एक दिवस आणखी मागे नेला असावा. हा निव्वळ अंदाज.

हे लिहितालिहिताच दुसरी वाट सुचली. परतीच्या यानाची चूक आठवते ना? शर्मा आणि त्यांचे सोव्हिएत सहकारी मालिशेव व स्त्रेकालोव गेले टी-११ ने, पण परतले टी-१० ने. ते यान किझिम, सोलोव्योव आणि आत्कोव यांनी फेब्रुवारीत सॅल्यूत-७ या अंतराळ स्थानकाला नेलं होतं. यान कक्षेत फार काळ ठेवता येत नसे, म्हणून पाहुण्यांनी जुनं घेऊन जायचं आणि ताजं मागे ठेवायचं. तेच टी-११ यजमानांना घेऊन २ ऑक्टोबरला उतरलं. तरी 'टी-११ मधूनच परतले' हे वाक्य जागोजाग आहेच. आता ज्या मजकुरात '२ एप्रिल' आणि 'टी-११ ने परत' या दोन्ही चुका जोडीने आहेत, ते सगळे एकाच घराण्यातले असण्याची शक्यता मोठी. जुन्या ग्रंथाचा मूळ पाठ शोधताना, म्हणजे पाठचिकित्सेत, हस्तलिखितांची कुळं अशीच लावतात. तेव्हा वर्तमानपत्रांच्या फायली चाळायचा बेत तूर्त बाजूला; आधी जुळ्या चुकांचा तक्ता.

त्यात तिसरी खूण म्हणून हुद्दा धरतोय. उड्डाणाच्या वेळी शर्मा स्क्वाड्रन लीडर होते. विंग कमांडर नंतर झाले. '१९८४ मध्ये विंग कमांडर शर्मा' असं दिसलं की नोंद करा.

जेआरडी टाटांच्या हवाई टपालाची फाइल मात्र मिटली. १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईपर्यंत टपाल त्यांनी आणलं. पुढे बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंत नेव्हिल व्हिन्सेंटनी नेलं. 'कराची ते मद्रास एकट्याने' हे वाक्य एका संकेतस्थळाने माझ्या पत्रानंतर दुसऱ्याच दिवशी दुरुस्त केलं. फार बरं वाटलं.

शर्मांबद्दलचं काही पाठवणार असाल तर नुसती ओळ नको. पूर्ण पानाचा फोटो हवा, आणि आवृत्ती व प्रकाशनवर्ष असलेलं पानही. वर्षाशिवाय घराण्यात थोरला कोण ते कळत नाही.