कुरकुरणाऱ्यांचा धीर

जानेवारीतला तिसरा रविवार आला की मुंबईतल्या ख्रिस्ती मंडळ्यांत दोन गोष्टी हमखास घडतात. शहराच्या दक्षिणेकडचे रस्ते मॅरेथॉनसाठी बंद असतात, त्यामुळे निम्मे लोक उपासनेला उशिरा पोहोचतात. आणि जे वेळेवर पोहोचतात त्यांना प्रेषित पौलाने बायबलमधल्या आपल्या पत्रांत दिलेल्या धावण्याच्या दाखल्यावर उपदेश ऐकायला मिळतो. ही शर्यत सुरू झाली २००४ साली. त्याआधी पाळकसाहेब त्या रविवारी काय सांगत असत, ते आता कुणालाच आठवत नाही.

उपदेश वाईट असतो असं नाही. पौल ग्रीसमधल्या ज्या करिंथकरांना लिहीत होता, त्यांच्या गावाजवळ इस्थमियाला दर दोन वर्षांनी खेळ भरायचे. जिंकणाऱ्याच्या डोक्यावर पाइनच्या डहाळ्यांचा मुकुट चढायचा, काही काळ तर सुकलेल्या सेलरीच्या पाल्याचा. चार दिवसांत त्याचं पातेरं होणार हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून पौल म्हणतो, ते नाशवंत मुकुटासाठी एवढं करतात, आपला तर अविनाशी आहे. ऐकणाऱ्यांना हे लगेच पटलं असणार. बायबलमधल्याच इब्री लोकांस पत्रात साक्षीदारांच्या मेघाने वेढलेलो असताना धीराने धावायला सांगितलंय; तो मेघ कसा असेल, हे पेडर रोडच्या चढावर संत्र्याच्या फोडी आणि बिस्किटांचे पुडे घेऊन ताटकळणाऱ्या लोकांकडे पाहिलं की कळतं. ओळख ना पाळख, आणि तरी घसा फुटेस्तोवर ओरडत असतात.

माझी अडचण एवढीच की मी धावत नाही. मी चालते, तेही सावकाश, आणि ज्यांच्यासोबत चालते ते माझ्याहून सावकाश.

बोरिवलीला नॅशनल पार्कात सकाळी फिरायला येणाऱ्यांचं एक वेगळंच गाव आहे. हायवेवरच्या गाड्यांचा आवाज दरवाजातून आत शिरल्यावरही बराच वेळ पाठीमागून येत राहतो, मग दहिसर नदी लागते, मग साग, आणि मग कुठेतरी लक्षात येतं की आवाज थांबलाय. सरळ गेलं तर सहाएक किलोमीटरवर कान्हेरीची लेणी. घड्याळं लावून धावणारी तरुण मुलं कान्हेरीपर्यंत जाऊन परत येताना आम्हाला पुन्हा भेटतात. आम्ही तोवर फारसे हललेले नसतो.

आम्ही म्हणजे मी आणि मामा. मामा नात्याने माझे कुणी नाहीत. आमच्या मंडळीतले, मूळ नगरकडचे, म्हणून मामा. वय सत्तरीच्या घरात. ऐन उमेदीत गिरणीला लागले आणि १९८२ चा संप झाला. त्यानंतर त्यांनी काय काय केलं याची यादी ते स्वतःच दर वेळी वेगळी सांगतात: कुठे वॉचमन, कुठे कुरियर, काही वर्षं एका छापखान्यात. मामी आता अंथरुणाला खिळून आहेत. मामा पहाटे उठून त्यांचं सगळं आवरतात, चहा पाजतात, शेजारणीला लक्ष ठेवायला सांगतात आणि मग येतात. धीर या विषयावर साक्ष द्यायला आमच्या मंडळीत त्यांच्याइतका लायक माणूस नाही, आणि त्यांना ती द्यायला कुणीही सांगणार नाही. कारण मामा अखंड कुरकुरतात.

दरवाजाशी "सलाम" झाला की सुरुवात. तिकीट वाढवलं. माकडं माजलीत. धावणारी पोरं अंगावर येतात. चढाला लागलो की गुडघे. गुडघ्यांबद्दल मामांकडे न संपणारा मजकूर आहे. एकदा मी वैतागून म्हणाले, "मामा, एवढं दुखतंय तर घरी थांबा ना." चालता चालता त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी काहीतरी खुळ्यासारखं बोलले. "घरी थांबून काय करू पोरी? घरी पण दुखतातच."

आता या रस्त्याच्या कडेला, उतारांवर, कारवी आहे, सह्याद्रीतलं एक झुडूप. ज्यांनी ती फक्त फोटोत पाहिलीय त्यांना ती जांभळीच माहीत असते. पण बहुतेक वर्षं ती तशी नसते. पावसाळ्यात ती हिरवी, खरखरीत, मोठ्या पानांची, दाट आणि काहीशी आडदांड दिसते. पानांच्या कडांना दाते, त्यांवर अळ्यांनी पाडलेली भोकं. पाऊस सरला की पानं झडत जातात आणि उन्हाळ्यात उरतात नुसत्या गाठीगाठींच्या काठ्या. मेमध्ये त्यांकडे पाहून कुणी म्हणेल की हे सगळं मेलंय, तोडून टाका. तोडतातही, आदिवासी पाड्यांमध्ये कुडाच्या भिंतींना याच काठ्या, वरून माती-शेणाचं लिंपण. जून येतो, काठीला पुन्हा पानं फुटतात. पुढच्या जूनला पुन्हा. सात पावसाळे हेच चालतं. आणि मग आठव्या वर्षी, साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात, अख्खा उतार एकदम फुलतो.

पार्कात ती २०१६ साली अशी फुलली होती. मी जवळ जाऊन एक फांदी खाली ओढली. फूल निळसर जांभळं, घंटेसारखं. पण हात लागतो तो आधी त्याखालच्या कळ्यांच्या गुच्छाला, आणि तो चांगलाच चिकट असतो. बोटांना राळेसारखं काहीतरी लागलं, त्याला उग्र वास होता, आणि तो दिवसभर गेला नाही. मधमाश्यांचा आवाज एवढा की बोलणं ऐकू येईना. शनिवार-रविवारी तिथे फोटो काढणाऱ्यांची झुंबड. मामा म्हणाले, "गेली सात वर्षं इथून जातोय, तेव्हा एकानं हिच्याकडे मान वळवून पाहिलं नाही." हीसुद्धा तक्रारच. पण मला ती त्या दिवशी ऐकलेली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटली.

येशूने सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला मत्तय, मार्क आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानकारांनी दिलाय. चांगल्या जमिनीत पडलेल्या बियांचा अर्थ सांगताना मत्तय आणि मार्क हिशेब देतात: कुठे तीसपट, कुठे साठपट, कुठे शंभरपट. लूक त्या जागी आकडा घालत नाही. वचन धरून ठेवणारे लोक धीराने फळ देतात, एवढंच म्हणतो. लहानपणी संडे स्कूलमध्ये आम्हाला शंभरपटच आवडायचं. तक्त्यावर मोठं कणीस काढलेलं असायचं. धीराचं चित्र तक्त्यावर कसं काढणार? काढायचं झालंच तर मेमधली कारवी काढावी लागेल, आणि मुलं विचारतील, टीचर, ह्या काठ्या कसल्या?

मला वाटतं आमच्या उपदेशांत धीर नेहमी फुलाच्या बाजूने सांगितला जातो. अमक्याने एवढं सोसलं आणि शेवटी पाहा काय झालं. शेवट माहीत असलेल्या माणसाने धीराबद्दल बोलणं सोपं असतं. सात वर्षांतल्या चौथ्या वर्षी, भर उन्हात, पान नसताना, नुसतं उभं असणं या अवस्थेबद्दल कुणी बोलत नाही. मामींचं आजारपण हे असं चौथं वर्ष आहे. आणि कारवीचं तरी सगळं ठरलेलं असतं. आठवं वर्ष येणार हे तिच्या अंगातच आहे. माणसाला तीही सोय नाही.

याकोबाने नव्या करारातल्या आपल्या पत्रात धीरासाठी शेतकरी घेतलाय. तो जमिनीच्या मोलवान पिकाची वाट पाहतो, पहिला आणि शेवटचा पाऊस मिळेपर्यंत. त्याच्या पॅलेस्टाइनात पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो आणि शेवटचा मार्च-एप्रिलमध्ये, आणि दोन्हींचा भरवसा नाही. त्यामुळे वाट पाहण्याला तिथे अर्थ आहे. मुंबईकर पावसाची वाट मेअखेरीस पंधरवडाभर पाहतो आणि तो थांबण्याची पुढे तीन महिने. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो. छत्री उलटी झाल्यावर याकोबाचा शेतकरी आठवून धीर धरायचा म्हणजे जरा उलटाच प्रकार होतो. पण त्याच अध्यायात पुढे चार ओळींवर याकोब ईयोबाचं, म्हणजे जुन्या करारातल्या सर्वस्व गमावलेल्या त्या माणसाचं, नाव घेतो, ते मात्र मला थेट लागू पडतं.

ईयोबाचा धीर म्हणीसारखा झालाय. भिंतीवरच्या कॅलेंडरात तो राखेत बसून वर डोळे लावून गप्प बसलेला असतो. पुस्तक उघडून वाचलं तर पहिले दोन अध्याय तो खरोखर तसा आहे. तिसऱ्या अध्यायात तो तोंड उघडतो आणि आपल्या जन्माच्या दिवसाला शाप देतो. तिथून पुढे अध्यायामागून अध्याय तो बोलतोच आहे: मित्रांशी, देवाशी, देवाविरुद्ध देवाकडेच फिर्याद नेण्याबद्दल. सांत्वनाला आलेले मित्र मात्र नीट, शिस्तीत, देवाची बाजू घेऊन बोलतात. आणि बेचाळिसाव्या, शेवटच्या अध्यायात देव निवाडा कोणाच्या बाजूने देतो? त्या मित्रांना तो सांगतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला, तसं तुम्ही बोलला नाहीत. हे मी मोठेपणी सलग वाचलं तेव्हा मला कॅलेंडर छापणाऱ्यांचा रागच आला. ईयोब गप्प नव्हता. फक्त उठून गेला नाही. ज्याच्याशी भांडण होतं त्याच्याशीच बोलत राहिला.

मामा चढावर कुणाशी बोलतात, हे मला उशिरा समजलं. मी थोडी पुढे गेले की मागून पुटपुटणं ऐकू यायचं. मला वाटायचं, गुडघ्यांचं चाललंय. एकदा वारा माझ्या बाजूला होता. "बाप्पा, रात्री तीनदा उठवलंस," मामा म्हणत होते. आमच्याकडचे जुने लोक प्रार्थनेत देवाला बाप्पाच म्हणतात. "तीनदा. तिला तरी झोप लागू द्यायची होतीस. माझं काय, मी बसतो." मग बराच वेळ काही नाही, आणि मग: "आणि हे गुडघे."

आता कुणी शास्त्र जाणणारा मला इथे अडवेल, आणि अडवावंच. मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, सुटून आलेल्या इस्राएल लोकांनी रानात कुरकुर केली, तेव्हा देवाचा कोप झाला. पौलानेही फिलिप्पैकरांना लिहिलंय की जे काही कराल ते कुरकुर न करता करा. मग मामा काय करतात?

यावर मी पुष्कळ विचार केलाय, चालताना दुसरं काम नसतं. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात त्या लोकांच्या कुरकुरीची यादीच दिली आहे: मिसरात फुकट मिळणारी मासळी, काकड्या, खरबुजं, भाजी, कांदे, लसूण. भूक खोटी नव्हती, रोजरोज देवाने रानात पुरवलेला मान्ना खाऊन कंटाळा येणारच. पण त्या यादीचं तोंड मागे आहे. चौदाव्या अध्यायात तर ते सरळ म्हणतात, एक नायक निवडू आणि मिसरात परत जाऊ. ज्याने आपल्याला इथवर आणलं त्याच्याशी न बोलता ते तंबूच्या दारात बसून एकमेकांशी बोलतात. मामांनी मला कधीही, एकदाही, "चल मागे फिरू" म्हटलेलं नाही. त्यांची कुरकुर चढाच्या दिशेने तोंड करून चालते. फिलिप्पैकरांचं वचन यातून पूर्ण सुटतं असा माझा दावा नाही; तिथे मामा थोडे अडकतातच.

हे सगळं मी त्यांना एका सकाळी ऐकवलं. आम्ही नेहमीच्या वळणावरच्या कठड्यावर टेकलो होतो, मामा बूट काढून आतला खडा झटकत होते. ईयोब त्यांना आवडला. मिसरातले कांदे-लसूण ऐकून मात्र त्यांनी तोंड वाकडं केलं.

"कांद्यासाठी कोण परत जातंय? मला पित्त होतं त्यानं." बूट चढवून झाला, नाडी बांधायला ते वाकले आणि तिथूनच म्हणाले, "आणि हा कठडा कुणी बांधलाय गं? टेकायचा म्हणून बांधलाय तर एवढा उंच कशाला? चल, त्या पुलापर्यंत जाऊ, तिथला जरा बरा आहे. तिथं माकडं असतात म्हणा."