डीएम झाल्यानंतरचं एक वर्ष: हार्ट फेल्युअर आणि प्रत्यारोपण

डीएम कार्डिऑलॉजी (एमडीनंतरची हृदयरोगातली पदवी) संपत आलेल्या मुलामुलींचा प्रश्न ठरलेला असतो: पुढे इंटरव्हेन्शन (अँजिओप्लास्टीसारखे उपचार), ईपी (हृदयाच्या लयीचे विकार), की हार्ट फेल्युअर (कमजोर पडलेलं हृदय)? इंदूरला परत यायचं असेल तर बहुतेक जण पहिल्याकडे वळतात. पेशंट आहेत, कॅथलॅब आहेत, घर चालतं. हार्ट फेल्युअरचं नाव काढलं की घरचेच विचारतात, "इथे त्याचा उपयोग काय? हृदय बदलायला तर पेशंट मुंबई-चेन्नईलाच जाणार." माझं म्हणणं असं की उपयोग इथेच जास्त आहे. ते पटवायचं तर त्या वर्षात काय शिकतात हे तपशिलात सांगावं लागेल.

आधी वाट. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं एमबीबीएस, ३ वर्षं एमडी मेडिसिन, मग नीट-एसएस ही प्रवेश परीक्षा देऊन ३ वर्षं डीएम किंवा तिच्या तोडीची डीआरएनबी. त्यावर एखाद्या मोठ्या प्रत्यारोपण केंद्रात साधारण वर्षभराची फेलोशिप. अमेरिकेत ही स्वतंत्र उपशाखा म्हणून २००८ मध्ये मान्य झाली आणि पहिली बोर्ड परीक्षा २०१० मध्ये झाली. तिथे या फेलोशिपच्या वाटेने केंद्राचा मुख्य प्रत्यारोपण फिजिशियन व्हायचं असेल, तर नव्याने हृदय बसवलेल्या किमान २० पेशंटची काळजी घेतल्याची नोंद लागते. आपल्याकडे केंद्र निवडताना हाच आकडा हाताशी ठेवा. वर्षाला किती प्रत्यारोपणं होतात, बायॉप्सी (तपासणीसाठी हृदयाचे बारीक तुकडे) फेलो स्वतः घेतो की नुसता बघतो, एलव्हीएडीचे (हृदयाच्या डाव्या कप्प्याला मदत करणारा, शरीरात बसवलेला पंप) पेशंट आहेत का आणि प्रत्यारोपणाच्या यादीत कोणाला घ्यायचं त्या बैठकीत फेलोला बोलू देतात का, हे चार प्रश्न अर्ज करण्याआधी विचारा. इमारत आणि स्टायपेंड नंतर.

पहिले काही आठवडे नवं काहीच शिकवत नाहीत असं वाटतं, कारण तेव्हा फक्त औषधं तपासायची असतात. "औषधांनी काही झालं नाही" असं लिहून आलेल्या पेशंटला खरंच पूर्ण औषधं मिळाली का? चारही गट चालू आहेत का: सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन, बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन आणि एसजीएलटी-२ इन्हिबिटर? कार्व्हेडिलॉल ३.१२५ वर सुरू करून वर्षभर ३.१२५ वरच ठेवलेलं असतं. रॅमिप्रिल बंद करून ३६ तास न थांबता सॅक्युबिट्रिल दिलेलं असतं, तोंड सुजतं आणि औषध कायमचं बाद होतं. फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोहाच्या तपासण्या) कोणी पाहिलेलंच नसतं. थायरॉईड, कॅल्शियम, सतत वेगाने चालणारं एट्रियल फिब्रिलेशन, बाळंतपणानंतरची कार्डिओमायोपथी, यातलं काही असेल तर तेच हृदय पुष्कळ सुधारू शकतं. आणि आपल्या इंदूरचा खास प्रश्न: शेव. वरणात मीठ कमी केलं म्हणून घरचे निर्धास्त असतात, पण पोह्यांवर, पराठ्याबरोबर, संध्याकाळच्या चहाबरोबर शेव चालूच असते. दिवसाचं एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवायचं म्हणजे हा हिशेब विचारून घ्यावा लागतो. पेशंट आपणहून सांगत नाही, कारण त्याच्या लेखी शेव मिठात मोडतच नाही.

याच्या उलट चूक जास्त घातक: खरोखर हाताबाहेर जाणाऱ्या पेशंटला धरून ठेवणं. वर्षात दोनदा भरती, सिस्टोलिक दाब ९० च्या खाली, फ्युरोसेमाइड या लघवीच्या औषधाचा डोस वाढतच चाललेला, क्रिॲटिनिन चढतंय, आयसीडी (घातक लय शॉकने थांबवणारं, शरीरात बसवलेलं यंत्र) शॉक देतोय. सगळ्यात बोलकी खूण म्हणजे पूर्वी सोसणारी औषधं आता दाब पडतो म्हणून कमी करावी लागतात. ओपीडीत याला "डोस ॲडजस्ट केला" म्हणतात. या शाखेत त्याला पेशंट पुढे पाठवायची वेळ म्हणतात. आणखी सहा महिने थांबलं तर मूत्रपिंड, यकृत आणि वजन तिन्ही जातात आणि शस्त्रक्रिया सोसण्याची ताकद राहत नाही.

आता या वर्षाचा गाभा: राइट हार्ट कॅथ, म्हणजे टोकाला फुगा असलेली नळी शिरेतून हृदयाच्या उजव्या भागातून फुप्फुसाच्या (पल्मनरी) धमनीपर्यंत नेऊन दाब मोजणं. डीएममध्ये सगळ्यांनी केलेलं असतं, पण इथे त्या आकड्यांवर एखाद्याला हृदय मिळणार की नाही हे ठरतं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं. सोनोग्राफीखाली उजव्या गळ्याच्या शिरेतून ७ फ्रेंच शीथ. ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारं उपकरण) चौथ्या बरगडीच्या फटीच्या रेषेत, छातीच्या जाडीच्या मध्यावर ठेवून झिरो करायचा. तो १० सेंटिमीटर खाली राहिला तर प्रत्येक दाब ७ ते ८ मिमीने जास्त दिसतो. १८ चा वेज (फुग्याने धमनीची फांदी अडवल्यावर मिळणारा, हृदयाच्या डाव्या बाजूचा दाब) २५ दिसतो आणि विनाकारण लघवीची औषधं वाढतात. वाचन श्वास सोडून झाल्यावरच्या क्षणाला घ्यायचं. मॉनिटर जो सरासरी आकडा दाखवतो तो धापा टाकणाऱ्या पेशंटमध्ये फसवा असतो, कागदावर लहर काढून डोळ्यांनी वाचा. फुगा दीड मिलीपेक्षा जास्त कधीच फुगवायचा नाही. तोही हळू, आणि लहर बदलताक्षणी थांबायचं. फुगा फुगवलेला ठेवून गप्पा मारणाऱ्याच्या हातून एक दिवस पल्मनरी धमनी फाटते.

वेजची चूक मात्र झिरोच्या चुकीहून वाईट. झिरो चुकला तर पल्मनरी दाब आणि वेज दोन्ही सारखेच वाढतात, त्यांच्यातला फरक बिघडत नाही. फुगा अर्धवट बसला तर वेजमध्ये धमनीचा दाब मिसळतो, वेज खोटा मोठा दिसतो आणि फरक खोटा लहान. म्हणजे ज्याच्या फुप्फुसांचा रोध खरंच वाढलाय तो कागदावर प्रत्यारोपणाला योग्य ठरतो. शंका आली की वेजमधून रक्त काढून ऑक्सिजन सॅच्युरेशन बघा. ते शरीराच्या (फुप्फुसाच्या नव्हे) धमनीतल्या रक्ताइतकं आलं नाही, तर तो वेज मानू नका.

एक नमुना हिशेब करून बघू. मीन पल्मनरी दाब ४२, वेज २६, कार्डियाक आउटपुट मिनिटाला ३.२ लिटर. ग्रेडियंट (दोन दाबांतला फरक) १६, रोध १६ भागिले ३.२, म्हणजे ५ वुड युनिट. असा पेशंट जसाच्या तसा यादीत घेत नाहीत. कारण नवं हृदय निरोगी माणसाचं असतं, त्याच्या उजव्या कप्प्याला एवढ्या दाबाविरुद्ध पंप करायची सवय नसते. टेबलावरच तो कप्पा फुगतो आणि बसतो. म्हणून तिथल्या तिथे नायट्रोप्रुसाइड या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाची चाचणी. उजेडापासून झाकलेली सिरिंज, अगदी थोड्या डोसने सुरुवात, दर काही मिनिटांनी वाढ, सिस्टोलिक ८५ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. समजा आकडे २८, १६ आणि ४.८ झाले. ग्रेडियंट १२, रोध २.५. रोध सैल होतो, दरवाजा उघडा आहे. रोध कमी झाला पण सिस्टोलिक दाब ७० वर आला, तर मात्र चाचणी पास नाही. काहीच हललं नाही तर भरती करून एक-दोन दिवस इनोट्रोप (हृदयाचं आकुंचन वाढवणारी औषधं) आणि लघवीची औषधं देऊन पुन्हा मोजायचं. तरीही नाही, तर एलव्हीएडी लावून हृदयाचा डावा भाग हलका करायचा आणि ३ ते ६ महिन्यांनी पुन्हा कॅथ. कित्येकांचा रोध तेव्हा उतरतो.

आउटपुटच्या आकड्यावरही आंधळा विश्वास नको. फिकच्या सूत्रात (ऑक्सिजनच्या वापरावरून आउटपुट काढतात) हा वापर बहुतेक ठिकाणी गृहीत धरतात, शरीराच्या दर चौरस मीटरला १२५ मिली. आपला सुकलेला, हाडं दिसणारा पेशंट त्या साच्यात बसेलच असं नाही. थर्मोडायल्युशन (थंड द्रव सोडून आउटपुट मोजणं) करायचं तर तीन वाचनं एकमेकांच्या १० टक्क्यांत यायला हवीत. ट्रायकस्पिड झडप खूप गळत असेल तर तीही पद्धत डळमळते. दोन्ही करा, जुळत नसतील तर का ते शोधा.

यादीत घेण्यासाठी चालण्याच्या ताकदीचा निकष सोपा आहे: कार्डिओपल्मनरी (व्यायामाच्या) चाचणीत पीक व्हीओ-२, म्हणजे दर किलो वजनामागे मिनिटाला जास्तीत जास्त किती मिली ऑक्सिजन वापरला जातो तो आकडा, बीटा ब्लॉकरवर असताना १२ किंवा कमी, बीटा ब्लॉकर सोसत नसेल तर १४ किंवा कमी. अट एवढीच की आरईआर (बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड भागिले वापरलेला ऑक्सिजन) १.०५ च्या वर गेलेला हवा. नाहीतर पेशंट दमण्याआधीच थांबला आणि आकडा निरर्थक.

एलव्हीएडीबद्दल थोडक्यात. या पेशंटची नाडी बहुधा हाताला लागत नाही, म्हणून दाब डॉप्लर लावून कफने मोजायचा. सरासरी दाब ९० च्या वर गेला की मेंदूतल्या रक्तस्रावाची भीती. मे महिन्याच्या माळव्यातल्या उन्हात शरीरातलं पाणी कमी झालं की पंपाला रक्त पुरत नाही आणि लो फ्लोचा अलार्म वाजतो. तेव्हा पंपाचा वेग वाढवणं ही नेमकी उलटी कृती. पाणी द्या, गरज पडली तर वेग कमी करा. हरतालिका किंवा निर्जळा एकादशीचा उपास या पेशंटना नाही, हे घरातल्या आजींच्या समोर, मराठीत, स्पष्ट सांगून ठेवायला हवं.

दात्याची बाजू इंदूरला चांगली ठाऊक आहे. २०१५ पासून इथे ग्रीन कॉरिडॉर झाले आणि अवयव इतर शहरांना गेले. फेलोला यातलं शिकायचं ते असं की मेंदूमृत्यू ठरवणाऱ्या चार डॉक्टरांच्या पॅनेलमध्ये प्रत्यारोपणाच्या टीममधला कोणीही बसू शकत नाही. चाचण्या दोनदा होतात, मध्ये किमान ६ तास. त्या तासांत दात्याचं हृदय सांभाळणं हे आयसीयूचं काम: लघवी भराभर जाऊन सोडियम चढतं, दाब पडतो, व्हॅसोप्रेसिन लागतं. हृदय बर्फात सुमारे ४ तास टिकतं, आणि त्यात काढण्यापासून रक्तप्रवाह पुन्हा सुरू होईपर्यंतचा सगळा वेळ येतो. मुंबईचं विमान सव्वा तासाचं असलं तरी दोन्हीकडचे रस्ते आणि ऑपरेशनचा वेळ धरला की हातात फार उरत नाही. जानेवारी २०२५ मध्ये भोपाळच्या एम्समध्ये जबलपूरहून आलेलं हृदय बसवलं गेलं, म्हणजे हे अंतर आता राज्याच्या आतही मोजता येतं.

आणि आता इंदूरच्या डॉक्टरचं खरं काम. शस्त्रक्रिया कुठेही होवो, पेशंट काही महिन्यांनी घरी येतो आणि मग आयुष्यभर तुमचा असतो.

बायॉप्सी पहिल्या महिन्यात साधारण दर आठवड्याला, पुढे अंतर वाढवत. काही त्या केंद्रात होतात, काही तुमच्याकडे येतील. बायॉप्टोम (तुकडा घेणारा चिमटा) मिटलेला ठेवून ट्रायकस्पिडमधून आत, टोक सेप्टमकडे (दोन कप्प्यांमधल्या पडद्याकडे), एलएओ या तिरप्या एक्स-रे व्ह्यूत खात्री. एक्टोपिक ठोके आले म्हणजे टोक कप्प्यात आहे. एकही आला नाही तर ते कोरोनरी सायनसमध्ये असू शकतं, तिथे जबडा उघडायचा नाही. मुक्त भिंत पातळ असते आणि भोक पडतं ते तिथेच. किमान तीन तुकडे तपासण्याजोगे हवेत, म्हणून पाच घ्या, वेगवेगळ्या जागांवरून, कारण जुन्या जागेवर नुसता व्रण मिळतो. तुकडा चिमट्याने दाबून उचलला तर पेशी चिरडतात. सुईच्या टोकाने अलगद उचला आणि फॉर्मॅलिन खोलीच्या तापमानाला असू द्या, फ्रिजमधलं वापरलं तर स्नायू आकसून खोटी खूण दिसते. शीथ काढण्याआधी एकदा इको.

टॅक्रोलिमस (शरीराने नवं हृदय नाकारू नये म्हणून दिलेलं औषध) याच्या पातळीसाठी रक्त सकाळच्या गोळीच्या आधी, रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी. पेशंट गोळी घेऊन लॅबमध्ये गेला तर पातळी २२ येते, कोणीतरी डोस निम्मा करतं आणि दोन आठवड्यांत रिजेक्शन, म्हणजे शरीर हृदय नाकारतं. सुरुवातीचे महिने १० ते १५, वर्षानंतर ५ ते १० असं साधारण लक्ष्य. आपल्याकडे टीबी येणारच. रिफाम्पिसिनने टॅक्रोलिमस कोसळतं, डोस कित्येक पट वाढवावा लागतो, शक्य तिथे रिफाब्युटिन वापरतात. रिफाम्पिसिन थांबवल्यावर साधारण दोन आठवड्यांत पातळी उलट उसळते, तेव्हा वाढवलेला डोस उतरवायचं विसरू नका. फ्लुकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, डिल्टियाझेम पातळी वाढवतात. जुलाबातही टॅक्रोलिमस चढतं, कमी होत नाही. पावसाळ्यात सराफ्यावरची पाणीपुरी, मग जुलाब, मग चढलेलं टॅक्रोलिमस आणि बसलेलं मूत्रपिंड, ही साखळी ठरलेली.

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला तीन गोष्टी सांगून ठेवा. बसवलेल्या हृदयाच्या नसा कापलेल्या असतात, म्हणून नाडी विश्रांतीतही ९० ते ११० असते आणि हा ताप किंवा भीती नव्हे. ठोके मंदावले तर ॲट्रोपिन चालत नाही, आयसोप्रेनालिन किंवा पेसिंग लागतं. आणि धमन्या बंद झाल्या तरी छातीत बहुधा दुखत नाही, फक्त धाप लागते, म्हणून ईसीजी आणि इको झाल्याशिवाय घरी पाठवायचं नाही.

हे सगळं इंदूरला उभं करायला प्रत्यारोपणाचं ऑपरेशन थिएटर लागत नाही. आठवड्यातून एक ठरलेला कॅथ-दिवस, टॅक्रोलिमसचा रिपोर्ट त्याच संध्याकाळी देणारी लॅब, रिजेक्शनच्या ०आर ते ३आर या श्रेणी वाचता येणारा एक पॅथॉलॉजिस्ट आणि ते एक वर्ष शिकून आलेला एक डॉक्टर लागतो.